कापलेल्याला नंबर नाही

लाँड्रीवाल्याला सगळे साडेसात म्हणायचे. तोंडावर काका, पाठ वळली की साडेसात. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. जुन्या कॉमिक पुस्तकांची अवस्था तपासून त्यांना नंबर द्यायचं काम हा माणूस अर्ध्या आयुष्यापासून करत आला होता, आणि दहापैकी साडेसाताच्या वर त्यांचा हात म्हणून कधी गेला नव्हता. "अहो काका, काल दुकानातून आणल्यासारखं आहे हो," म्हणत एखादा काकुळतीला यायचा. हे भिंग खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "काल आणलं असतंत तर बघितलं असतं. साडेसात." झालं, विषय संपला.

आता कुणी नाक मुरडून म्हणेल, पोराटोरांची चित्रांची पुस्तकं ती, त्यांना कसले आलेत नंबर? असं म्हणणाऱ्याने खुशाल उठून जावं, बाकीच्यांनी ऐकावं. ही पुस्तकं टिकावीत म्हणून छापलेलीच नव्हती. कागद सगळ्यांत हलका, शाई बोटांना लागणारी, मधोमध दोन पिना ठोकल्या की झालं पुस्तक. पोरांनी ती गुंडाळून खिशात कोंबली, उशीखाली चेपली, पाळीपाळीने वाचून त्यांची लक्तरं केली, आणि उरलीसुरली आयांनी रद्दीत घातली. एवढ्यातून जे निभावून निघालं, त्याची कुणी आस्थेने चौकशी केली तर बिघडलं कुठे? कोपरे दुमडलेत का, पिनांना गंज चढलाय का, पाठीवर चिरा आहेत का, मधलं पान जागेवर आहे का, आणि मुख्य म्हणजे मागाहून कुणी त्यात हात घातलाय का, हे सगळं बघायचं आणि एक आकडा सांगायचा. साडेसातांनी सांगितलेल्या आकड्यावर चार गावचे शौकीन डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

गंमत अशी की आठवडाभर ह्या माणसाचा धंदा डाग काढण्याचा. शर्ट काउंटरवर पडला की ते तो नुसता नाकाशी न्यायचे आणि डाग चहाचा आहे, गंजाचा आहे की शाईचा, ते गिऱ्हाइकाच्या आधी सांगायचे. पण रविवारी पुस्तकावरच्या डागाला बोट लावतील तर शपथ. "तुम्ही एवढे डाग काढता, एवढा एक काढा की," असं एकदा त्यांच्या कंपूतला निवृत्त बस ड्रायव्हर म्हणाला होता. त्यावर साडेसात भडकलेच. "शर्ट धुवायसाठीच शिवलेला असतो. कागद धुतलात की त्याच्यावर काय गुदरलं ते पुसून गेलं. मग मी बघू काय, तुमचं तोंड?" ड्रायव्हर महिनाभर रुसला होता. मग आला परत. जातो कुठे?

साडेसातांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. दुकानात रफूचं काम वहिनींचं. कोट नेमका कुठे फाटला होता ते खुद्द मालकाला शोधून सापडू नये, असा त्यांचा हात. ज्याला असं लपवता येतं त्याला दुसऱ्याने लपवलेलं दिसतंही, म्हणून पुस्तकांची मापं घेणं आणि दुरुस्त्या हुडकणं त्यांच्याकडे आलं होतं. आकडा मात्र नवऱ्याचा. त्या नवऱ्याची थट्टा करायची एक संधी सोडायच्या नाहीत. "घरात साखरेचा डबा कुठे असतो ते ह्यांना अजून कळलेलं नाही," त्या सांगायच्या, "पण पन्नास वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची पिन बदलली असली तर तिची जन्मतारीख सांगतील." असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे काही असायचं, त्याला कौतुक म्हणतात. त्या ते कबूल करायच्या नाहीत, पण आंधळ्यालाही दिसलं असतं.

रविवारी सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत कंपू जमायचा. ड्रायव्हर, शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई, आणि अलीकडे येऊ लागलेले एक दातांचे डॉक्टर. इस्त्रीच्या लांबरुंद टेबलावर पांढरी चादर अंथरलेली, खिडकीतून उजेड थेट तिच्यावर पडलेला. भिंग, स्टीलची फूटपट्टी, हात कोरडे करायला पंचा. आणि एक स्टूल. हे स्टूल महत्त्वाचं. ज्याचं पुस्तक टेबलावर, त्याने त्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायचं. समोर दांडीला इस्त्री झालेले कोट टांगलेले असायचे, त्यांत नाक खुपसून गप्प राहायचं. टेबलावरून "फिरा" असा हुकूम आल्याशिवाय मान वळवायची नाही. मालकाचा पडलेला चेहरा दिसला की तपासणाऱ्याचा हात सैल सुटतो, अर्धा नंबर जास्त जातो, म्हणून साडेसातांनी घालून दिलेला हा नियम. भूगोलाच्या बाई तिथे बसून कोटांची बटणं मोजायच्या. ड्रायव्हर तर एकदा बाह्यांत डोकं घालून चक्क झोपी गेला होता, त्याला हलवून नंबर सांगावा लागला.

नंबर लिहायला लाँड्रीचेच टॅग. कपड्याला बांधतात तसले पुठ्ठ्याचे, दोरा ओवलेले. त्यावर आकडा, खाली खोट, आणि कुणी दुरुस्ती केलेली असली तर ती कुणाची, हौशी माणसाची की कसबी, तेही लिहायचं. साडेसातांचं म्हणणं असं की बिघडवणाऱ्यालाही त्याचं श्रेय मिळालं पाहिजे. एका बाबतीत मात्र आकडाच नसायचा. कोपरे दुमडले, कडा फाटल्या की काही दीडशहाणे पुस्तक कापायच्या मशीनखाली घालतात आणि तिन्ही मोकळ्या बाजू थोड्या थोड्या कापून टाकतात. पुस्तक लगेच नव्यासारखं धारदार दिसतं, फक्त मापाला उणं पडतं. अशा पुस्तकाच्या टॅगवर एकच शब्द, 'कापलेलं'. मग ते आतून कितीही देखणं असो. कापलेल्याला नंबर नाही.

तर त्या रविवारी डॉक्टरांच्या पुस्तकावर हाच टॅग लागला. डॉक्टर फार हौसेने ते घेऊन आले होते, आधीच आठ मिळणार म्हणून घरी सांगूनही बसले होते. वहिनींनी फूटपट्टी लावली, नवऱ्याकडे बघून मान हलवली, आणि साडेसातांनी जाहीर करून टाकलं. डॉक्टर फिरले. चेहरा असा उतरला होता की बघवेना. त्यांचा तोल सुटला.

"एक विचारू का काका? तुमचं ते पाणबुड्या कधी ह्या टेबलावर आलं नाही ते?"

ड्रायव्हर खिडकीबाहेर बघायला लागला.

"जगात आठ नंबरचं एकच पुस्तक आहे, आणि ते तुमच्या कपाटात आहे, असं तुम्हीच सांगता. मालकाने आपल्या पुस्तकाला नंबर द्यायचा नाही ना? मग तो आठ दिला कुणी?"

वहिनींच्या कपाळावर आठी चढली. त्यांना वाटलं, आता हे ह्या माणसाला सोलून काढणार. पण साडेसात डॉक्टरांकडे वळले आणि म्हणाले, "बरोबर बोललात. मला कुणी विचारलं नाही आणि मीही सोयीस्कर विसरलो. पुढच्या रविवारी आणतो. मी भिंतीकडे बसेन, आणि नंबर ही देईल."

ही म्हणजे वहिनी.

आता पाणबुड्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. साडेसात घरातलं शेंडेफळ. भावंडं ढीगभर, त्यामुळे ह्यांच्या वाट्याला जे आलं ते वापरून झालेलं. सदरे थोरल्यांचे, चपला थोरल्यांच्या, शाळेची पुस्तकं तर तीन-चार हातांतून मळून आलेली. सगळ्यांत थोरला दादा पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात कापायच्या मशीनवर कामाला होता. घरी येताना मशीनखाली पडलेल्या कागदाच्या रंगीत फिती खिशात भरून आणायचा, आणि हे त्यांच्याशी खेळायचे. एका वर्षी ह्यांना टायफॉइड झाला. पोरगं अंथरुणाला खिळलं, अन्न सुटलं, डोळे आत गेले. एका संध्याकाळी दादा कामावरून आला आणि सदऱ्याच्या आतून त्याने एक पुस्तक काढलं. पाणबुड्या, अंक तिसरा. कव्हरवर पितळी टोपातला पाणबुड्या, आणि त्याला विळखा घालायला कडेपर्यंत पसरलेला लालभडक ऑक्टोपस. कोपरे असे टोकदार की बोटाला टोचावेत.

"कोरं आहे," दादा म्हणाला. "पहिला वाचणारा तू."

घरात ह्या पोराच्या वाट्याला आलेली ती पहिली नवी वस्तू. दादा पुढे फार जगला नाही. कारखाना बंद पडला, घर पांगलं, पण पाणबुड्या कुठेही मागे राहिला नाही. लग्न झाल्यावर नव्या बायकोला साडेसातांनी स्वयंपाकघर दाखवायच्या आधी हे पुस्तक दाखवलं होतं. वहिनी तेव्हा मनात म्हणाल्या होत्या, कुठल्या खुळ्याच्या पदरात पडले मी. पण तो खुळा पुस्तकाबद्दल बोलताना त्याचा आवाज ज्या प्रकारे खाली आला, त्याने त्या तिथेच अर्ध्या विरघळल्या. पुस्तक जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेलं, वरून पारदर्शक कागद. चौकटीने चारी कडा झाकलेल्या. वर्षातून एकदा हे चौकट उघडून पानांना हवा द्यायचे, तेही हात तीनदा धुऊन. आत खूण म्हणून दादाने आणलेल्या त्या फितींपैकी एक ठेवलेली होती, उरलेली तेवढीच एक. ती पुस्तकापेक्षा जरा लांब होती, म्हणून तिचं एक टोक दुमडून आत सारलेलं. आणि ज्या माणसाने आलेल्यागेलेल्याच्या पुस्तकाला फूटपट्टी लावली, त्याने आपल्या पुस्तकाला ती कधी लावली नव्हती. संशय आला म्हणून टाळलं असं नव्हे बरं का. मोजावं असं मनातच आलं नाही. आपल्या आईची उंची कुणी मोजून बघतं का?

रविवार उजाडला. साडेसातांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. वहिनींनी चिडवलं, "बघायला जायचंय का कुणाला?" ते हसले नाहीत. चौकट टेबलावर ठेवून ते स्टुलापाशी गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. एवढ्या वर्षांत त्या स्टुलावर ते पहिल्यांदाच बसत होते. कोटांच्या रांगेसमोर त्यांची पाठ एकाएकी लहान दिसायला लागली, आणि वहिनींना उगाचच भरून आलं.

काम सुरू झालं. भूगोलाच्या बाईंनी पानं मोजली, सगळी जागच्या जागी. ड्रायव्हरने पिना बघितल्या, गंजाचा ठिपका नाही, बदललेल्या नाहीत. डॉक्टरांनी दवाखान्यातला इवलासा गोल आरसा आणला होता, तो पाठीच्या घडीत फिरवून त्यांनी चीर शोधली. सापडली नाही. माणूस दिलदार, लगेच कबूल झाले. "काका, मी बोललो ते मागे घेतो. असं पुस्तक मी बघितलेलं नाही. माझ्या मते आठ. ओढूनताणून साडेआठसुद्धा."

"मत विचारलेलं नाही," भिंतीकडून आवाज आला. पण तो आवाज खुशीत होता. वहिनींना तो ओळखू येत होता.

आता मापाचं काम तेवढं राहिलं. वहिनींनी फूटपट्टी उंचीला लावली आणि बघत राहिल्या. पाणबुड्याचे दुसरे अंक त्यांनी कितीतरी मोजले होते, ते माप त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं. हे उणं होतं. थोडंच, बोटाच्या पेराएवढंही नाही, पण उणं. पट्टी सरकली असेल म्हणून पुन्हा लावली. मग रुंदीला लावली. रुंदीलाही उणं.

पान उलटायचं निमित्त करून त्यांनी खुणेची फीत बाहेर काढली, तिचं दुमडलेलं टोक हळूच सरळ केलं आणि फीत फूटपट्टीवर ठेवली. पाणबुड्याच्या अंकाची खरी उंची जेवढी असते, बरोबर तेवढी. मग त्यांनी ती कव्हरच्या मोकळ्या कडेला टेकवली. ऑक्टोपसचा एक लाल पाय कडेशी येऊन तुटल्यासारखा थांबला होता, त्याचं टोक फितीवर होतं. आणि फीत कशी होती? मऊ पडलेली, दोन्ही टोकांना कोपरे मुडपल्याच्या जुन्या खुणा, मधे तेलकट बोटांचा मळ. म्हणजे कुणीतरी, किंवा अनेक कुणीतरी, ते पुस्तक मनसोक्त वाचून घेतलेलं होतं. त्यानंतर ते दादाच्या मशीनखाली गेलं.

वहिनींना सगळं लख्ख दिसलं. नवं पुस्तक आणायची दादाची ऐपत नव्हती. त्याने कुठूनतरी जुनं मिळवलं, कारखान्यात कुणाचं लक्ष नसताना तिन्ही बाजूंनी कापलं आणि आजारी भावाच्या हातात ठेवून सांगितलं, कोरं आहे.

बाकी तिघांना काही कळलेलं नव्हतं. बाई चष्मा पुसत होत्या, डॉक्टर आरसा डबीत ठेवत होते. वहिनींनी नुसतं 'आठ' म्हणायचा अवकाश, समोरची ती पाठ उभी राहिली असती, फिरली असती आणि लहान पोरासारखी हसली असती. फीत परत दुमडून आत गेली असती. कुणाचं काही जाणार नव्हतं. ह्या माणसाला आयुष्यात एक कोरी वस्तू मिळाली होती, एकच, आणि ती आता आपण ह्याच्या हातातून काढून घ्यायची? का म्हणून? वहिनींना डॉक्टरांचा राग आला, फूटपट्टीचा आला, आणि असले नियम करून ठेवणाऱ्या नवऱ्याचा तर सगळ्यांत जास्त आला.

आणि त्याच वेळी त्यांना ट्रंकवाल्या बाई आठवल्या. नवरा गेल्यावर त्याची पुस्तकांची ट्रंक घेऊन आलेल्या. साडेसातांनी दुकान सोडून दिवसभर ती ट्रंक तपासली होती. दोन, अडीच, तीन, याच्या वर एकही पुस्तक गेलं नाही. आकडा कुठे वाढवला नाही, पण प्रत्येक पुस्तक त्या बाईंना उघडून दाखवलं. "हे त्यांनी फार वेळा वाचलंय. ह्या पानाशी अंगठ्याची खूण बघा, इथे थांबून हसत असणार." जाताना बाई म्हणाल्या होत्या, "सगळे गोड गोड बोलतात हो. तुम्ही खरं बोललात, म्हणून तुमचं ते हसण्याचंही मला खरं वाटलं." रात्री जेवताना वहिनींनी नवऱ्याच्या ताटात न मागता जास्तीचं वाढलं होतं. ह्या माणसाला आज खोटा नंबर द्यायचा म्हणजे त्याच्या सगळ्या आयुष्यावर ठिगळ लावायचं. आणि आपण लावलेलं ठिगळ दिसणार नाही, ह्याची त्यांना खात्री होती. तेच त्यांना सहन होईना.

"अहो," त्या म्हणाल्या. "कापलंय."

ड्रायव्हरच्या हातातलं भिंग खाली पडलं.

पाठ हलली नाही. "मोजलंस?"

"दोनदा."

"उंची?"

"उंचीही आणि रुंदीही. तिन्ही बाजूंनी. नंबर नाही."

डॉक्टर पांढरेफटक पडले. आपण काय करून बसलो ते त्यांना आता उमगलं. "वहिनी, जाऊ द्या ना," ते कुजबुजले. "इथे आपण पाचच जण आहोत. बाहेर कुणाला कळणार आहे?"

"डॉक्टर," भिंतीकडून आवाज आला, "मागच्या रविवारी तुमच्या पुस्तकाच्या वेळी किती जण होतो आपण?"

डॉक्टरांनी मान खाली घातली.

साडेसात अजून तसेच बसले होते. नियम म्हणजे नियम. शेवटी वहिनी म्हणाल्या, "फिरा," आणि ते फिरले. चेहरा कोरडा होता, पण कुणी तोंडात मारल्यासारखा. उठून टेबलापाशी आले. वहिनींनी फीत कव्हरच्या कडेला लावून दाखवली. ऑक्टोपसचा पाय पुरा झाला.

साडेसातांनी भिंग घेतलं. पहिल्यांदा पुस्तक नाही, फीतच बघितली. तिच्यावरचा मळ, मुडपलेली टोकं, मऊ पडलेला कागद. जन्मभर डाग वाचलेला माणूस, त्याला कितीसा वेळ लागणार? फीत नाकाशी नेली, खाली ठेवली.

"नव्या पुस्तकाची कड कोण कापतं?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "कड खराब होती म्हणून कापली. कुणीतरी वाचून वाचून भुगा केला होता ह्याचा." मग म्हणाले, "म्हणजे हेही वापरलेलंच होतं."

वहिनींनी त्यांच्या दंडाला धरलं. त्यांना वाटलं, हा माणूस आता खाली बसतो. पण साडेसातांचे खांदे हलले, आणि ते हसायला लागले. "चुना लावला," ते म्हणाले. "दादाने मला चुना लावला की. इतकी वर्षं. आणि मी मोठा तपासनीस." हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. "अगं, मशीनवर त्याच्या डोक्यावर मुकादम उभा असायचा. काम सोडून दुसरं काही मशीनखाली घातलेलं दिसलं असतं तर त्याच दिवशी हाकलला असता. आणि हा ते कापत बसला. माझ्यासाठी."

भूगोलाच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. ड्रायव्हर कोटांकडे तोंड करून उभा राहिला, त्याला तेवढीच जागा सापडली.

साडेसातांनी पंचाने तोंड पुसलं आणि पुन्हा भिंग उचललं. आता त्यांनी पुस्तक उभं धरून तिन्ही कडा न्याहाळल्या, उजेडाकडे करून, तिरक्या करून, बोटाच्या टोकाने चाचपून. खूप वेळ लावला.

"टॅग घे," ते वहिनींना म्हणाले. "लिही. कापलेलं."

वहिनींनी लिहिलं.

"काम कसबी. कड एका रेषेत. मुख्य चित्राला कुठे धक्का लागू दिलेला नाही. पाणबुड्या पुरा ठेवलाय, त्या राक्षसाचाच पाय तोडलाय."

वहिनींचं अक्षर वेडंवाकडं येत होतं, तरी त्यांनी सगळं लिहिलं. "नंबरच्या जागी रेघ मारू?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकाच्या नंबराच्या जागी मार रेघ," साडेसात म्हणाले. "आणि खाली लिही, कापणाऱ्याला दहा."

वहिनींनी दहा लिहिलं, फुंकर मारून शाई वाळवली, आणि टॅगचा दोरा चौकटीला बांधून वर पक्की गाठ मारली.